इंदुरात घरांच्या नूतनीकरणाचे ठेके घ्यायचेत: लायसन नेमकं कशाचं लागतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बिल्डरकडे साइट सुपरवायझर म्हणून आठ वर्षं काम केलंय, आयटीआय झालंय, राजेंद्रनगरला राहता. आता जुनी घरं आणि फ्लॅट यांच्या नूतनीकरणाची कामं स्वतःच्या नावावर घ्यायची आहेत. कुणी म्हणतं पीडब्ल्यूडीचं (सरकारी बांधकाम खात्याचं) रजिस्ट्रेशन लागेल, कुणी म्हणतं गुमास्ता (दुकान-ऑफिसची नोंदणी) पुरे. शिवाय एक एजंट ‘कॉन्ट्रॅक्टर लायसन’ काढून देतो म्हणून पैसे मागतोय.

आधी सरळ उत्तर देतो. खासगी घराचं नूतनीकरण करायला ‘घर-दुरुस्ती ठेकेदार’ असं लिहिलेलं एकच सरकारी लायसन आपल्याकडे नाही. पीडब्ल्यूडीचं रजिस्ट्रेशन सरकारी टेंडर भरणाऱ्यांसाठी असतं. लोकमान्यनगरमधल्या कुणाच्या स्वयंपाकघराचा ओटा बदलायला त्याचा काही संबंध नाही. एजंट ज्याला लायसन म्हणतोय ते बहुधा उद्यम (छोट्या उद्योगांची केंद्र सरकारकडची नोंदणी) किंवा गुमास्ता असेल. त्याला दोनच गोष्टी विचारा: हे कोणत्या कायद्याखाली मिळतं आणि त्यावर सही कोणत्या अधिकाऱ्याची असते. नीट उत्तर आलं नाही तर पैसे देऊ नका. उद्यम नोंदणी तर सरकारी पोर्टलवर पूर्ण मोफत आहे. आधार आणि त्याला जोडलेला मोबाइल हाताशी असला की घरबसल्या होते.

पण ‘एकच लायसन नाही’ याचा अर्थ ‘काहीच लागत नाही’ असा होत नाही. बरेच नवे ठेकेदार अडकतात ते इथेच. आपल्याकडे परवाना माणसापेक्षा कामाला जास्त चिकटलेला आहे. फरशी बसवायला, प्लास्टर करायला, रंग द्यायला कुणी परवाना विचारत नाही. त्याच घरात वायरिंग बदललं की राज्याचं विजेचं लायसन लागतं, आणि भिंत पाडली किंवा गच्चीवर खोली चढवली की इंदूर नगर निगमची परवानगी आणि इंजिनिअरची सही लागते. त्यामुळे तुमचा खरा प्रश्न असा आहे: मी घेतलेल्या कामातला कोणता भाग माझ्या सहीने होऊ शकत नाही, आणि तो भाग करायला कोणाला आणायचं?

तुमच्या बाबतीत पुढचं सगळं तीन गोष्टींवर ठरेल. काम साहित्यासकट घेणार की फक्त मजुरीवर, फ्लॅटची कामं जास्त असतील की स्वतंत्र जुन्या घरांची, आणि वीज तुमच्या बिलात धरणार की बाहेर ठेवणार. ही उत्तरं आधी एका कागदावर लिहा. ती बदलली तर कागदपत्रंही बदलतात.

आता कागद. एकट्याच्या मालकीचा व्यवसाय असेल तर वेगळा पॅन लागत नाही, तुमचाच चालतो. पहिलं काम उद्यम. तिथे व्यवसायाचा कोड विचारतात. घराच्या आतलं फिनिशिंग म्हणजे फरशी, प्लास्टर, रंग, सुतारकाम यांसाठी एनआयसीचा (राष्ट्रीय उद्योग वर्गीकरणाचा) ४३३० गट निवडा. प्लंबिंग ४३२२ मध्ये आणि तोडफोड ४३११ मध्ये येते. एकापेक्षा जास्त कोड घालता येतात, ते सुरुवातीलाच घाला. दुसरं गुमास्ता, म्हणजे मध्यप्रदेश दुकान व स्थापना अधिनियम, १९५८ खालची नोंदणी. एखादी छोटी खोली किंवा गाळा ऑफिस म्हणून असेल तर ही करून घ्या. चालू खातं उघडताना बँक फर्मच्या नावाचे दोन पुरावे मागते, तिथे उद्यम आणि गुमास्ता ही जोडी चालून जाते. फर्मचं नाव दोन्हीकडे अक्षर न् अक्षर सारखं हवं. एकीकडे ‘इंटिरियर’ आणि दुसरीकडे ‘इंटिरियर्स’ झालं तरी बँक कागद परत करते. तिसरा वृत्ती कर. मध्यप्रदेशात तो लागू आहे आणि घटनेच्या कलम २७६ मुळे वर्षाला २,५०० रुपयांच्या वर जाऊ शकत नाही. रक्कम छोटी आहे, पण थकवली तर पुढे त्रास होतो.

जीएसटीवर जरा थांबतो, कारण नफ्याचं गणित इथेच बिघडतं किंवा जमतं.

घराच्या कामाचा साहित्यासकट ठेका जीएसटीच्या भाषेत ‘वर्क्स कॉन्ट्रॅक्ट’ असतो आणि त्याला सेवा धरतात. सेवेसाठी नोंदणीची मर्यादा आर्थिक वर्षाला २० लाखांची आहे. ४० लाखांचा आकडा तुम्ही ऐकला असेल, पण तो माल विकणाऱ्यांसाठी आहे. ही २० लाखांची उलाढाल म्हणजे तुमचा नफा किंवा मजुरी नव्हे, बिलाची पूर्ण रक्कम. सहा लाखांचा एक फ्लॅट साहित्यासकट घेतलात तर चौथ्या कामाला तुम्ही २४ लाखांवर पोचता. त्याच फ्लॅटची मजुरी समजा २ लाख आहे आणि टाइल्स, सिमेंट, रंग घरमालकाने स्वतःच्या नावाच्या बिलावर आणले, तर वर्षात दहा कामं करेपर्यंत मर्यादा येत नाही. त्याच पॅनवर आधीचा दुसरा काही धंदा असेल तर त्याची उलाढालही यात मिळवतात. मर्यादा ओलांडली की ३० दिवसांत अर्ज करावा लागतो. मार्चमध्ये हिशेब करू म्हणून थांबू नका, दर महिन्याला बेरीज लिहीत जा.

अशा कामावर दर १८ टक्के. सहा लाखांच्या कामावर १,०८,००० रुपये घरमालकाला जास्तीचे द्यावे लागतात आणि त्याला त्याचा परतावा मिळत नाही. म्हणून सेवेसाठीची कंपोझिशन योजना बघा. आदल्या वर्षीची उलाढाल ५० लाखांपर्यंत असेल तर ती घेता येते आणि कर ६ टक्के. अट अशी की हा कर बिलात वेगळा दाखवून गिऱ्हाइकाकडून घेता येत नाही, आणि साहित्यावर भरलेल्या कराचं क्रेडिटही, म्हणजे आपल्या करातून वजावट, मिळत नाही.

कोणती बरी पडेल ते कामातल्या साहित्याच्या प्रमाणावर ठरतं. सहा लाखांच्या कामात साहित्य ३.५ लाख आणि मजुरी-नफा २.५ लाख धरा. नेहमीच्या नोंदणीत गिऱ्हाइकाला ७.०८ लाख पडतात. कंपोझिशनमध्ये साहित्य करासकट ४.१३ लाखांना पडतं, त्यात २.५ मिळवून ६.६३, आणि ६ टक्के कर बिलातूनच भागवायचा म्हणून ०.९४ ने भागलं की साधारण ७.०५ लाख. म्हणजे फरक नगण्य. आता साहित्य फक्त १.२ लाख आणि मजुरी-नफा ४.८ लाख असेल तर नेहमीच्या पद्धतीत तेच ७.०८ लाख, पण कंपोझिशनमध्ये ६.६१ लाख. मजुरी जास्त असलेल्या कामात कंपोझिशन गिऱ्हाइकाला सरळ स्वस्त पडतं. दुकानं, ऑफिसं, दवाखाने अशी कामं जास्त घेणार असाल तर मात्र नेहमीची नोंदणी बघा. ज्यांना क्रेडिट घेता येतं ती गिऱ्हाइकं कराचं बिल मागतात.

एक गैरसमज इथेच काढून टाका. ‘एकाच घराची फक्त मजुरी असेल तर जीएसटी माफ’ हे अर्धवट खरं आहे. ती सूट स्वतंत्र घराच्या मूळ बांधकामाच्या निव्वळ मजुरीला आहे. पडीक किंवा नुकसान झालेली वास्तू पुन्हा वापरण्याजोगी करणं ‘मूळ काम’ या व्याख्येत बसू शकतं. चांगल्या, राहत्या घराची फरशी-रंग बदलणं त्यात बसत नाही, आणि संकुलातला फ्लॅट तर नाहीच. आणखी एक: सेवेवर घेतलेल्या आगाऊ रकमेवरही कर ती रक्कम मिळाल्यावर लागतो. आगाऊ आली त्या महिन्यातच तिचा हिशेब धरा.

आयकराचं सोपं आहे. अनुमानित उत्पन्नाच्या योजनेत बँकेतून आलेल्या रकमेवर ६ टक्के आणि रोखीवर ८ टक्के नफा धरून विवरणपत्र भरता येतं. रोख कमी घ्या, तुमचाच फायदा आहे.

आता ज्यावर माझा सगळ्यात जास्त जोर आहे ते: भिंती, स्लॅब आणि परवानगी.

मध्यप्रदेशात बांधकामाची परवानगी भूमि विकास नियम, २०१२ खाली मिळते. अर्ज ऑनलाइन, आर्किटेक्ट किंवा इंजिनिअरमार्फत, आणि अर्जदार घरमालक असतो, ठेकेदार नव्हे. सगळ्याच कामांना परवानगी लागत नाही. राष्ट्रीय इमारत संहितेत अशा किरकोळ फेरबदलांची यादीच आहे: खिडकी-दार उघडणं किंवा बंद करणं, खोल्यांमधलं दार, पार्टिशन, फॉल्स सीलिंग, रंग-सफेदी, प्लास्टर आणि डागडुजी, फरशी बदलणं, छताचं आवरण बदलणं, स्वतःच्या जागेत छज्जा. पण त्याला अट जोडलेली आहे: इमारतीच्या मजबुतीला, आगीच्या सुरक्षेला किंवा आरोग्याच्या नियमांना धक्का लागता कामा नये. ‘दार उघडणं’ यादीत आहे म्हणून भार घेणाऱ्या भिंतीत आठ फुटी आरपार मोकळी जागा करायला परवानगी मिळत नाही. बाल्कनी बंद करून खोली करणं, गच्चीवर खोली चढवणं, मार्जिनमध्ये (घराभोवती सोडलेल्या मोकळ्या जागेत) बाथरूम काढणं ही कामं त्या यादीत नाहीत. घरमालक म्हणेल, ‘शेजाऱ्याने केलंय.’ तुम्ही म्हणा, ‘नक्शा मंजूर करून आणा, मग करतो.’ नोटीस मालकाच्या नावाने निघते, पण पैसे अडकतात ते तुमचे.

भिंत भार घेते का, हे ठरवण्याची जबाबदारी इंजिनिअरची. तरी पहिल्या भेटीत तुम्हाला संशय यायला हवा. आरसीसी फ्रेमच्या इमारतीत भिंतींच्या वर किंवा कोपऱ्यांत बीम-कॉलम बाहेर आलेले दिसतात. रामबागेसारख्या जुन्या वस्तीतली घरं मात्र पुष्कळदा भिंतींवरच उभी असतात. तिथे ९ इंची भिंत दिसली, वरच्या मजल्यावरही त्याच रेषेत भिंत असली, किंवा छताचा भार त्या भिंतीवर टेकलेला असला, तर हात लावू नका. साडेचार इंची भिंत म्हणजे पार्टिशनच, असंही धरून चालू नका. अनेक घरांत आधी एक मजला बांधला आणि पुढे बीम न टाकता वर चढवलं, तिथे साडेचार इंचीसुद्धा भार घेऊन उभी असते. खात्री करायची तर भिंतीच्या माथ्याला, स्लॅबला लागून, फूटभर प्लास्टर काढून बघा. बीम आहे की विटांवर थेट स्लॅब टेकलाय ते लगेच दिसतं. इंजिनिअरने भिंत कापायला मंजुरी दिली, तरी आधी दोन्ही बाजूंनी टेकू, मग कापणं. लिंटेलला (कापलेल्या जागेवरच्या आडव्या बीमला) दोन्हीकडे किमान ६ इंच टेकण असावं.

कापण्याहून जास्त नुकसान चर मारण्याने, म्हणजे पाइप-वायरसाठी भिंतीत खाच पाडण्याने, होतं आणि ते कुणाच्या लक्षात येत नाही. उभा चर भिंतीच्या जाडीच्या एक-तृतीयांशापेक्षा खोल नको आणि आडवा एक-षष्ठांशापेक्षा नको. ९ इंची भिंतीत हे अनुक्रमे ३ इंच आणि दीड इंच होतं. साडेचार इंची भिंतीत उभा चर दीड इंच, आणि आडवा जेमतेम पाऊण इंच. आता २५ मिलिमीटरचा पाइप आडवा टाकायचा तर एक इंचाहून जास्त चर लागतो, म्हणजे साडेचार इंची भिंतीत तो बसतच नाही. मिस्त्री आणि वायरमन दोघंही तो मारतात, कारण लांबी वाचते. पाइप छताजवळून किंवा फॉल्स सीलिंगमधून फिरवा आणि प्रत्येक बोर्डाला वरून उभा उतरवा. पाइप थोडा जास्त लागतो, भिंत शाबूत राहते.

वजनाचंही बघा. राहत्या घराच्या स्लॅबसाठी डिझाइनमध्ये दर चौरस मीटरला साधारण २०० किलो वापरातला भार धरतात. जुनी फरशी न काढता वर ४० मिलिमीटर मसाला आणि टाइल टाकली की दर चौरस मीटरला शंभर किलोच्या आसपास कायमचं वजन वाढतं. जुनी फरशी काढण्याचे पैसे वाचवायला गिऱ्हाईक हेच सुचवतं. फ्लॅटमध्ये तरी नको. जुनी फरशी पक्की, सपाट आणि न पोकळलेली असेल तर पातळ थराच्या अॅडहेसिव्हवर टाइल बसवता येते, पण आधी ठोकून आवाज ऐका आणि दारांची उंची मोजा. तसंच सन्क बाथरूमचं, म्हणजे जिथे स्लॅब खोलगट ठेवलेला असतो. फूटभर खड्डा विटांच्या तुकड्यांनी भरला तर दर चौरस मीटरला पाचशे किलोपर्यंत भार जातो. हलक्या ब्लॉकचे तुकडे वापरा. वॉटरप्रूफिंगनंतर ४८ तास पाणी भरून ठेवा, खालच्या घरात जाऊन छत बघा आणि मगच भराव टाका. भराव टाकल्यावर गळती निघाली तर सगळं उखडावं लागतं. आपल्या भागात काळी माती आहे. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात आकसते. तळमजल्याच्या घरांत तिरक्या भेगा दिसल्या तर पुट्टी भरून रंग देण्याआधी इंजिनिअरला दाखवा, नाहीतर पुढच्या मे महिन्यात तीच भेग तुमच्या रंगातून वर येईल आणि दोष तुमच्या माथी बसेल.

वीज. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा विनियमांनुसार घरातलं वायरिंग नवं टाकणं, वाढवणं, बदलणं, दुरुस्त करणं हे राज्याचं लायसन असलेल्या विद्युत ठेकेदारानेच करायचं, सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या सुपरवायझरच्या देखरेखीखाली आणि परमिटधारक वायरमनच्या हातून. सूट फक्त बल्ब, पंखे, फ्यूज, स्विच असं जसंच्या तसं बदलण्याला आहे. आपल्याकडे हे लायसन राज्याचं विद्युत अनुज्ञापन मंडळ देतं. तुमचं आयटीआय इलेक्ट्रिशियन ट्रेडचं असेल तर वायरमन परमिटकडे जाता येईल. दुसरा ट्रेड असेल तर हे लायसन मिळवण्याच्या मागे आत्ता लागू नका, लायसनधारक माणूस जोडून घ्या.

जोडून घेताना त्याच्या लायसनची प्रत मागा आणि वैधतेची तारीख तपासा. त्याला चर मारण्याआधी साइटवर आणा. शेवटी सहीपुरता बोलावलेला माणूस आतलं काही न बघता सही करतो, आणि आग लागली की तो कागद कुणालाच वाचवत नाही. भाराचं गणित पहिल्याच दिवशी मांडा. दीड टनाचा एसी साधारण दीड किलोवॉट, तसे दोन, गिझर दोन किलोवॉट, इंडक्शन दोन. बेरीज सात किलोवॉट. जुन्या घराच्या बिलावर मंजूर भार दोन-तीन किलोवॉट असतो. तो वाढवण्याचा अर्ज पश्चिम क्षेत्र वीज कंपनीकडे घरमालकाने काम सुरू होतानाच करावा. एसी आणि गिझरला प्रत्येकी ४ चौरस मिमी तांब्याची स्वतंत्र लाइन, लाइटला १.५, आणि डीबीमध्ये (मुख्य स्विचपेटीत) ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच. जुनी अॅल्युमिनियमची वायर निम्मी ठेवून तिला तांबं जोडू नका. तो जोड हळूहळू सैल होऊन तापतो. प्लास्टर करण्याआधी प्रत्येक भिंतीवरच्या पाइपांचे, टेप लावून, फोटो काढा आणि एक संच घरमालकाला द्या. पुढे कुणी पडद्याचा रॉड ठोकताना तोच कामी येतो. सरतेशेवटी ५०० व्होल्टच्या मेगरने इन्सुलेशन तपासून घ्या, किमान १ मेगाओम हवं. अर्थिंगची सलगता बघा आणि हे आकडे लायसनधारकाच्या सहीच्या रिपोर्टमध्ये लिहून घ्या. त्याने घरमालकाला थेट बिल दिलं तर ती रक्कम तुमच्या उलाढालीतही येत नाही. वर सांगितलेल्या २० लाखांशी याचा संबंध आहे, म्हणून हे आधी ठरवा.

नळाचं त्यामानाने सरळ आहे. घराच्या आतलं प्लंबिंग तुम्ही करा. रस्त्यावरच्या नर्मदा लाइनला किंवा ड्रेनेजला हात लावायचा असेल तर निगमची मंजुरी घ्या. रस्ता परस्पर खोदू नका.

मलबा. एक हजार चौरस फुटांची जुनी फरशी खालच्या थरासकट निघाली तर दहा-बारा टन भरते. एस्टिमेटमध्ये बहुतेक जण हा खर्च ‘किरकोळ’ धरतात, आणि मग तिसऱ्या मजल्यावरून गोण्या उतरवण्याची मजुरीच नफा खाते. तोडफोड, खाली उतरवणं आणि वाहतूक या तीन वेगळ्या ओळी लिहा. इंदुरात रस्त्यावर मलबा टाकला की दंड होतो, आणि व्हायलाच हवा. तो उचलायला ३११ अॅपवरून निगमला सांगता येतं. शहराचा बांधकाम-मलब्याचा प्रक्रिया प्लांट देवगुराडियाला आहे. विटा-काँक्रीट वेगळं, लाकूड-प्लास्टिक वेगळं ठेवलं तर उचलायला अडचण येत नाही. फ्लॅट असेल तर सोसायटीची लेखी एनओसी, कामाच्या वेळा आणि लिफ्टचा वापर आधीच ठरवून घ्या.

मजुरांचं थोडक्यात. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या श्रमसंहिता लागू आहेत. ठेकेदाराचं मजूर-लायसन ५० माणसांपासून लागतं, तुम्ही तिथवर लवकर जाणार नाही. पण आस्थापना म्हणून नोंदणीचा आकडा १० आहे, आणि नूतनीकरणात शेवटच्या पंधरवड्यात टाइलवाले, सुतार, पेंटर एकदम आले की दहा सहज होतात. हजेरीवही ठेवा. माणसं चार असोत की चौदा, पडून मार लागला तर भरपाई तुमच्या अंगावर येते. म्हणून पहिल्या कामाआधी कामगार भरपाईची विमा पॉलिसी घ्या आणि तिच्यात उंचीवरचं काम आणि तोडफोड धरलेली आहे ना, ते वाचून बघा. हा खर्च टाळण्यासारखा नाही. घरच्या कमावत्या माणसाचा हात गेला तर त्या कुटुंबाकडे दुसरं काही नसतं.

इथवरचं एका दमात: उद्यम, गुमास्ता, चालू खातं आणि विमा लगेच. जीएसटी उलाढाल आणि गिऱ्हाइकं बघून. वीज लायसनधारकाकडून, भिंत-स्लॅब इंजिनिअरकडून, वाढीव बांधकाम निगमच्या मंजुरीनंतरच. पीडब्ल्यूडी पुढे कधी सरकारी कामं करायची ठरवलीत तर.

उरला करार. लायसन नसलं तरी घरमालक ग्राहक आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली तो दोन वर्षांच्या आत जिल्हा आयोगात जाऊ शकतो, आणि तिथे तुमच्याकडे काय लिहिलेलं आहे एवढंच बघतात. म्हणून करार दोन प्रतींत, दोघांच्या सह्यांनिशी, ई-स्टँपवर करा. त्यात ‘चांगल्या प्रतीची टाइल’ असं लिहू नका. कंपनी, माप, जाडी, चौरस फुटाचा दर, सगळं लिहा. सरळ बसवणीला ५ ते ७ टक्के आणि तिरक्या बसवणीला १० ते १२ टक्के वाया जाणारी टाइल धरा, आणि सगळी पेटी एकाच बॅच व शेड नंबरची घ्या. नंतर आणलेल्या चार पेट्यांचा रंग जुळत नाही आणि भांडण तिथून सुरू होतं. रंगाचं माप घेताना दार-खिडक्या वजा करणार की नाही, हेही लिहा.

पैसे टप्प्यांनी घ्या. सुरुवातीला १५ टक्के, तोडफोड आणि चर-पाइप झाल्यावर २५, प्लास्टर-वॉटरप्रूफिंग झाल्यावर २५, टाइल-सुतारकामावर २५, आणि शेवटचे १० ताबा दिल्यावर. पहिला हप्ता जास्त मागितलात तर गिऱ्हाईक बिचकतं, कमी घेतलात तर साहित्य तुमच्या खिशातून जातं. वाढीव कामाचा दर काम करण्याआधी ठरवून मोबाइलवर लेखी होकार घ्या. ‘हे पण करून टाका ना’ असं सांगितलेल्या कामांचे पैसे शेवटी कधीच निघत नाहीत. गळतीची हमी देताना कशाची देताय ते स्पष्ट करा. तुम्ही केलेल्या बाथरूमच्या वॉटरप्रूफिंगची हमी द्या, वरच्या शेजाऱ्याच्या नळाची नको.

पहिलं काम हातात आलं की सही करण्याआधी एवढं कळवा: घर साधारण कोणत्या सालातलं, कोणत्या भिंतींना हात लागणार आहे आणि त्यांची जाडी किती, वर कुणाचा मजला आहे का, वीजबिलावर मंजूर भार किती लिहिलाय आणि साहित्य कोण आणणार. तेवढ्यावरून त्या कामाला कोणाची सही लागेल आणि एस्टिमेटमध्ये काय राहून गेलंय ते सांगता येईल.